महामारीचा मदतनिधी शहराने कसा वाटला, आणि ज्येष्ठांच्या जेवणाला त्यातलं काही का मिळालं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात काही मराठी कुटुंबं ज्येष्ठांसाठी आठवड्यातून काही दिवस दुपारचं जेवण आणि गरजूंना शिधा देतात. कोव्हिडमध्ये हे काम घरपोच डब्यांवर गेलं आणि तिपटीने वाढलं. शहराला केंद्राकडून मोठा मदतनिधी आला तेव्हा संस्थेने अर्ज केला आणि तो नाकारला गेला. मंजूर यादीत मात्र अग्निशमन दलाची गाडी, शहराच्या कर्मचाऱ्यांचे पगार आणि दोन बड्या संस्था होत्या. 'हे ठरवतं कोण? ओळख लागते का? आणि आता काही करता येईल का?'

मी आधी एका काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ग्रांट विभागात होते. आता छोट्या संस्थांचे अर्ज आणि हिशेब बघते, म्हणजे खिडकीच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. ओळख थोडीफार लागतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तुमच्या हातात अर्जाचा फॉर्म आला तोवर मुख्य वाटणी होऊन गेली होती. ती कुठे झाली हे कळलं की नकाराचं पत्र वेगळं दिसेल.

वरून सुरुवात करू. मार्च 2020 च्या केअर्स कायद्यात 15,000 कोटी डॉलरचा कोरोनाव्हायरस रिलीफ फंड होता, पण त्यातले थेट पैसे फक्त पाच लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांना आणि काउंट्यांना मिळाले. तुमच्यासारखी शहरं राज्याच्या आणि काउंटीच्या तोंडाकडे बघत बसली. मार्च 2021 मध्ये अमेरिकन रेस्क्यू प्लॅन आला, ज्याला सगळे 'आर्पा' म्हणतात. त्यात राज्यं, काउंट्या, शहरं, आदिवासी सरकारं आणि टेरिटरीज मिळून 35,000 कोटी डॉलर होते आणि साधारण 50,000 वर लोकसंख्येच्या शहरांना ते अर्थखात्याकडून, म्हणजे ट्रेझरीकडून, थेट मिळाले. निम्मे 2021 मध्ये, उरलेले वर्षभराने. त्याहून लहान गावांना राज्यामार्फत, आणि तेही त्यांच्या महामारीपूर्वीच्या अर्थसंकल्पाच्या 75 टक्क्यांपर्यंतच.

कोणत्या शहराला किती, हे ठरवताना कोव्हिडचे रुग्ण मोजलेच नाहीत. 1974 पासून चालत आलेल्या कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रांटचं, म्हणजे सीडीबीजीचं, सूत्र वापरलं. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात लोकसंख्या, गरिबी आणि दाटीवाटीची घरं मोजतात. दुसऱ्यात वाढ खुंटलेली असणं, गरिबी आणि 1940 पूर्वी बांधलेली घरं, आणि या जुन्या घरांना एकट्यालाच निम्मं वजन! दोन्हींपैकी ज्याने जास्त मिळेल ते शहराला लागू होतं. म्हणून साडेसहा लाखांच्या आतल्या डेट्रॉइटला सुमारे 82.7 कोटी डॉलर मिळाले आणि सोळा लाखांच्या फिनिक्सला सुमारे 39.6 कोटी. फिनिक्सवर अन्याय झाला असं कोणी म्हणेल, पण सूत्र जुन्या, रिकाम्या होत चाललेल्या शहरांसाठीच बनलेलं आहे. तेव्हा 'शेजारच्या शहराला एवढे आणि आपल्याला एवढेच का' याचं उत्तर तुमच्या महापौराकडे नाही.

त्याच्याकडे उत्तर आहे ते पुढच्या पायरीचं, आणि खरी मेख तिथेच आहे.

कायद्याने खर्चाचे चार रस्ते दिले होते. आरोग्य आणि आर्थिक फटक्यावर उपाय, अत्यावश्यक कर्मचाऱ्यांना जादा वेतन, पाणी-सांडपाणी-ब्रॉडबँड, आणि चौथा रस्ता म्हणजे शहराच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई. या चौथ्या रस्त्याने नेलेला पैसा 'सरकारी सेवा' या नावाखाली जवळजवळ कशावरही खर्च करता येतो: पगार, रस्ते, गाड्या, काहीही. पेन्शन फंडात भर, कर्जफेड, राखीव गंगाजळी अशा मोजक्या गोष्टींना मनाई होती, बाकी मोकळं रान.

आता 'बुडालेलं' कशाला म्हणायचं? महामारीपूर्वीच्या वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, ते वर्षाला किमान 5.2 टक्क्यांनी वाढलं असतं असं धरायचं आणि प्रत्यक्ष उत्पन्न त्याहून जितकं कमी ते नुकसान. म्हणजे ज्या शहराचं उत्पन्न दोन टक्क्यांनी वाढलं त्याचंही कागदावर नुकसानच. त्यावर जानेवारी 2022 च्या अंतिम नियमात ट्रेझरीने आणखी एक सवलत दिली: गणितच नको असेल तर सरसकट एक कोटी डॉलरपर्यंत नुकसान झालं असं धरून चाला. ज्या शहरांचा एकूण वाटाच एक कोटीच्या आत होता त्यांनी सगळी रक्कम या रस्त्याने नेली. मोठ्या शहरांनी निदान पहिले एक कोटी, किंवा सूत्राने त्याहून जास्त निघत असतील तर तेवढे. शहराच्या हिशेबनिसाच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. अहवाल सोपा, ऑडिटचा धोका कमी. तुमच्या यादीतली अग्निशमन दलाची गाडी इथून आली.

यात एक दुसरी चालही असते. आर्पातून पगार भागवला की शहराच्या स्वतःच्या तिजोरीतला तेवढा पैसा मोकळा होतो आणि त्याला केंद्राची कसलीही अट उरत नाही. काही शहरांनी तो मुद्दाम सामाजिक संस्थांकडे वळवला, आणि छोट्या संस्थांसाठी ही सर्वांत उत्तम पद्धत होती. बऱ्याच शहरांनी त्यातून कर स्थिर ठेवला. नागरिकांना तेही आवडतं. तुमच्या शहराने काय केलं ते आर्पाच्या यादीत सापडणार नाही, त्यासाठी त्या वर्षांचा सर्वसाधारण अर्थसंकल्प उघडावा लागेल.

या सगळ्यातून जे उरलं ते सामाजिक सेवा, घरं, छोटे धंदे, आरोग्य यांच्यासाठी. तिथेही आधी शहराच्या खात्यांच्या जुन्या मागण्या रांगेत उभ्या असतात. पार्क खात्याची गळकी छपरं काही कोव्हिडने गळायला लागलेली नसतात, पण फाईल तयार असते, आणि तयार फाईल नेहमी पुढे जाते. मग महापौराचं कार्यालय एक मसुदा करतं, काउन्सिल त्यात आपापल्या वॉर्डाचं बघतं आणि ठराव होतो. पब्लिक हिअरिंग आणि ऑनलाइन सर्वेक्षण बहुधा यानंतर किंवा याच्या आसपास होतं. लोकांना थेट ठरवू द्यावं असा प्रयत्न क्लीव्हलंडमध्ये झाला. शहराला सुमारे 51 कोटी डॉलर आले होते, त्यातले फक्त 50 लाख नागरिकांनी मतदानाने वाटावेत अशी मागणी होती, म्हणजे साधारण एक टक्का. महापौर जस्टिन बिब यांचा पाठिंबा असूनही ते काउन्सिलमधून पुढे सरकलं नाही. पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये शहराच्या अर्थसंकल्पातला काही हिस्सा असाच वाटावा म्हणून सनददुरुस्ती, म्हणजे शहराच्या मूळ कारभारनियमांत बदल, मतदानाला आली, तीही थोडक्यात पडली. नगरसेवक कुठलाही असो, वाटायचा अधिकार सहजासहजी हातातून सोडत नाही. हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

आता तुमच्या अर्जाकडे येऊ. तुम्ही पाठवलेल्या पत्रात कारण एका ओळीत दिलंय: लाभार्थी गट पात्र असल्याचं पुरेसं दाखवलेलं नाही. तुम्हाला हे अपमानास्पद वाटलं, कारण म्हातारी माणसं चार भिंतींत अडकलेली तुम्ही डोळ्यांनी पाहिली होती. पण छाननी करणाऱ्याच्या टेबलावर काय होतं ते बघा. आर्पाच्या नियमात कमी आणि मध्यम उत्पन्नाची कुटुंबं, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या 300 टक्क्यांपर्यंत किंवा त्या भागाच्या मध्यक (मीडियन) उत्पन्नाच्या 65 टक्क्यांपर्यंत, यांना फटका बसला असं आपोआप धरलं जातं. दारिद्र्यरेषेच्या 185 टक्क्यांपर्यंतची कुटुंबं आणि जनगणनेनुसार गरीब ठरलेले भाग यांच्यासाठी तर आणखी मोकळीक. तुमचे ज्येष्ठ राहतात कुठे? मुलाच्या नाहीतर मुलीच्या घरी. आजी-आजोबांच्या हातात स्वतःचे चार पैसे नसतील, पण कुटुंबाचं उत्पन्न म्हणून सुनेचा आणि मुलाचा पगार धरला की ती पात्रता कापरासारखी उडून जाते. पत्ताही गरीब भागातला नाही. थोडक्यात, दोन्ही आयत्या खिडक्या बंद.

तिसरी खिडकी होती, ती बहुतेक छोट्या संस्थांना कोणी दाखवली नाही. नियमात असंही होतं की एखाद्या गटाला महामारीचा विशिष्ट फटका बसला असं दाखवा, आणि तुमचा उपाय त्या फटक्याशी जोडलेला आणि त्याच्या प्रमाणात आहे हे दाखवा, मग घराघराचं उत्पन्न मोजायची गरज नाही. एकटेपणा, बंद पडलेली ज्येष्ठ केंद्रं, इंग्रजी न येणाऱ्यांना लसीची वेळ घेता न येणं, हे सगळं मांडता आलं असतं. तुमच्या अर्जात याऐवजी संस्थेचा इतिहास, दिवाळीचे फोटो आणि मान्यवरांची पत्रं आहेत. सुंदर अर्ज आहे, पण ज्या तक्त्यात गुण द्यायचे होते त्यातल्या रकान्यांना तो शिवतच नाही.

समजा मंजूर झाला असता, तरी पुढचं पाऊल जड होतं. केंद्राचा पैसा संस्थेकडे दोन नात्यांनी येतो. संस्थेचं स्वतःचं नुकसान झालं, देणग्या आटल्या, भाडं थकलं, म्हणून मदत मिळाली तर संस्था लाभार्थी. शहराच्या वतीने लोकांना सेवा द्यायची म्हणून पैसे मिळाले तर संस्था सबरेसिपियंट, आणि मग केंद्राचे हिशेबाचे सगळे नियम तिच्या डोक्यावर: खरेदीची पद्धत, टाइमशीट, वर्षात केंद्राचा साडेसात लाख डॉलरवर खर्च झाला तर स्वतंत्र ऑडिट (ही मर्यादा अलीकडे दहा लाख झाली आहे). गंमत म्हणजे, शहराने तीच रक्कम उत्पन्नभरपाईच्या रस्त्याने दिली असती तर ट्रेझरीच्याच म्हणण्यानुसार सबरेसिपियंटचं नातं तयारच होत नव्हतं. पण शहरांचे वकील सावध असतात. कितीतरी ठिकाणी त्यांनी सगळ्यांना एकच जाड करारनामा लावला.

त्यात पैसे बिलं दाखवल्यावर मिळणार. आधी तुम्ही खर्च करा, महिनाअखेर कागद लावा, तपासणी होईल, मग चेक. दोन-तीन महिने सहज जातात. हे केंद्राचं बंधन नव्हतं! केंद्राने शहराला पैसे आगाऊ दिले होते, शहर ते व्याजाच्या खात्यात ठेवू शकत होतं आणि ते व्याज शहराचंच, त्यावर आर्पाच्या अटीही नाहीत. संस्थांना आगाऊ रक्कम देण्यालाही नियमांत जागा होती. तरी डाळ-तांदळाचे पैसे स्वयंसेवकांच्या क्रेडिट कार्डावर चढत राहिले. यावर मला अजून राग येतो.

बिलं तपासणं म्हणजे काय, याचा एक नमुना सांगते. एका भारतीय संस्थेच्या शिधावाटपाचं घाऊक किराणा दुकानाचं बिल माझ्यासमोर आलं होतं. त्यावर तूरडाळीची पोती, तांदूळ, तेलाचे डबे, आणि खाली त्याच बिलात कापूर, अगरबत्ती, मोदकाचे साचे आणि द्रोण. गणपती तोंडावर आलेले, कार्यकर्त्याने एकाच फेरीत दोन्ही कामं उरकली. त्याच्या दृष्टीने गाडीचं पेट्रोल वाचलं. शहराच्या तपासनिसाने मात्र पूर्ण बिल परत पाठवलं, कारण धार्मिक कार्यक्रमाचा खर्च केंद्राच्या पैशातून चालत नाही आणि द्रोण डाळीसोबत वाटले की प्रसादाला वापरले हे बिलावरून कळत नव्हतं. मंदिराच्या जागेत अन्नवाटप चालतं, मंदिर चालवणाऱ्या संस्थेलाही ग्रांट मिळू शकते, फक्त दोन्ही हिशेब एका कागदावर भेटता कामा नयेत. दुसरी हमखास अडचण पगाराची. अर्धा वेळ ज्येष्ठांचं काम आणि अर्धा वेळ रविवारची मराठी शाळा बघणारी समन्वयक असेल तर 'अर्धा पगार लावा' असं चालत नाही. प्रत्येक दिवशी कोणत्या कामावर किती तास गेले ते लिहून, तिची आणि वरच्याची सही लागते. मागाहून एका बैठकीत भरलेली टाइमशीट कुठलाही तपासनीस ओळखतो. सगळीकडे एकाच पेनाची शाई असते.

म्हणून बड्या संस्था जिंकतात. त्यांच्याकडे हिशेबनीस असतो, तीन महिने थांबण्याइतकी पुंजी असते, आणि शहराला वीस छोटे करार सांभाळण्यापेक्षा दोन मोठे परवडतात, कारण प्रत्येक कराराची देखरेख शहराच्याच माणसांना करावी लागते. काही शहरांनी यावर तोडगा म्हणून एका फाउंडेशनला ठोक रक्कम दिली आणि तिने पुढे लहान संस्थांना साध्या अटींवर वाटली. तुमच्या यादीतल्या दोन बड्या नावांपैकी एकाच्या कराराचा विषय मला तसाच वाटतो. तसं असेल तर त्यांच्या दारातही तुम्हाला जागा होती, शहराने ते नीट कळवलं नाही एवढंच.

मग 2024 चा डिसेंबर आला. 31 डिसेंबर 2024 पर्यंत सगळी रक्कम करारात बांधायची आणि 31 डिसेंबर 2026 पर्यंत खर्चायची, अशी दोन टोकं होती. काउन्सिलचा ठराव म्हणजे बांधणं नव्हे, त्यासाठी सही झालेला करार किंवा खरेदी-आदेश लागतो. ज्या शहरांनी तीन वर्षं नुसत्या चर्चा केल्या त्यांची शेवटच्या महिन्यांत पळापळ झाली, आणि रखडलेल्या सामाजिक योजनांचे पैसे ज्याला पटकन करार होतो अशा गोष्टींकडे गेले. त्यात आधीपासून भरलेल्या पदांचे 2026 पर्यंतचे पगारही बसवता येत होते. तुमच्या शहरातही कर्मचाऱ्यांचे पगार त्या वर्षाच्या शेवटच्या दुरुस्तीतच वाढलेले दिसतात.

त्यामुळे आर्पातून आता नवीन काही मागू नका. मुदतीनंतर एखादा करार मोडला, कंत्राटदार बुडाला, तर त्याच कामासाठी दुसरा नेमता येतो, पण ही फट अरुंद आहे. मंजूर यादीतल्या ज्या बड्या संस्थेकडे शिधावाटप आहे तिला काम झेपत नसेल तरच तुमचा विचार होईल. माहिती मात्र मागाच. न्यू जर्सीत त्यासाठी ओप्रा कायदा आहे, आपल्या माहिती अधिकारासारखाच. तुमच्या अर्जाचा गुणतक्ता, मंजूर अर्जांचे गुणतक्ते आणि प्रकल्पांची शेवटची यादी, इतकंच मागा. 'सगळा पत्रव्यवहार द्या' असं लिहिलंत तर विनंती फार मोघम आहे म्हणून नाकारतील.

पुढचा पैसा दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही तुमच्या कामाला आर्पापेक्षा जास्त जुळतात.

पहिलं म्हणजे तीच जुनी सीडीबीजी, जी दरवर्षी येते. तिच्या नियमात ज्येष्ठ नागरिक हा गट मुळातच कमी-मध्यम उत्पन्नाचा गृहीत धरलेला आहे. केवळ ज्येष्ठांसाठीच चालणाऱ्या सेवेत मुलाचा पगार कोणी विचारत नाही, नोंदवहीत वय दिसलं की झालं. अडचण अशी की सेवांसाठी या ग्रांटच्या 15 टक्क्यांचीच कमाल मर्यादा आहे आणि त्या 15 टक्क्यांवर वर्षानुवर्षं त्याच संस्था बसलेल्या असतात. शहराला वर्षात किमान दोन सुनावण्या घ्याव्या लागतात. आराखडा छापून झाल्यावरच्या सुनावणीला गर्दी करण्यात फारसा अर्थ नाही, त्याआधी गरजा विचारण्यासाठी जी होते तिला जा. तिथे बहुतेक वेळा पाच-सात माणसं असतात.

दुसरं, आणि मी तुमच्या जागी असते तर आधी हेच केलं असतं, काउंटीचं ज्येष्ठांचं कार्यालय. 1965 च्या ओल्डर अमेरिकन्स कायद्याखाली 60 वर्षांवरच्यांच्या सामूहिक आणि घरपोच जेवणासाठी केंद्राचा पैसा तिथून येतो. या कायद्यात उत्पन्नाची अट लावायला चक्क बंदी आहे. ऐच्छिक देणगी मागता येते, पण सक्ती करता येत नाही. इंग्रजी कमी येणाऱ्या ज्येष्ठांना प्राधान्य द्यावं असंही त्यात आहे. अटी वेगळ्या आहेत: प्रत्येक जेवणाने दिवसाच्या पोषणगरजेचा किमान एक तृतीयांश भाग भागला पाहिजे, मेनू आहारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावा लागतो आणि स्वयंपाक परवाना असलेल्या स्वयंपाकघरात झाला पाहिजे. काकू घरून पोळ्या लाटून आणतात ते इथे चालणार नाही, हे मंडळात आत्ताच स्पष्ट सांगून टाका, नाहीतर नंतर रुसवेफुगवे होतात.

स्वतःचं कंत्राट घेण्याची घाई करू नका. काउंटीचा सध्याचा पुरवठादार कोण ते विचारा आणि त्याच्या कंत्राटाखाली तुमचा हॉल शाकाहारी भारतीय जेवणाचं एक केंद्र म्हणून जोडता येईल का ते बघा. जागा, माणसं आणि ज्येष्ठ तुमचे, ऑडिट आणि बिलं त्याची. परवानाधारक भारतीय केटरर शोधून त्याचा दोन आठवड्यांचा मेनू आणि दर सोबत घेऊन जा, कारण पुरवठादाराचा पहिला प्रश्न तोच असेल. तुमच्या संस्थेचा केंद्राच्या सॅम संकेतस्थळावरचा यूईआय क्रमांक, म्हणजे केंद्राच्या पैशासाठी लागणारा संस्थेचा ओळखक्रमांक, अजून नसेल तर तोही याच आठवड्यात काढायला घ्या. फुकट मिळतो, पण संस्थेचं नाव आणि पत्ता कागदोपत्री एका अक्षराने जरी वेगळा निघाला तर तिथेच अडकून पडतं, आणि तुमच्या नोंदणीपत्रावर 'मंडळ' एका स्पेलिंगने आहे तर बँक खात्यावर दुसऱ्याच.